तेल, वायू आणि पाणी : यांतले टाकाऊ कोणते?

शिक्षकांच्या एका शिबिरात मी एक साधा प्रयोग करून दाखवत होतो. काचेच्या बाटलीत अर्ध्यापर्यंत पाणी घ्यायचे, त्यावर थोडे गोडेतेल ओतायचे, बूच लावून बाटली जोराने हलवायची आणि टेबलावर ठेवून वाट पाहायची. काही मिनिटांत तेल वर आले, पाणी खाली राहिले. घनतेचा धडा संपला असे समजून मी बाटली उचलणार, तेवढ्यात एका बाईंनी विचारले, "सर, जमिनीतून तेल निघतं तेव्हा त्याच्याबरोबर पाणी आणि वायूही येतो असं पुस्तकात आहे. मग ते सगळं एका टाकीत भरून ठेवलं की झालं! वायू उडून जाईल, पाणी खाली बसेल. त्यासाठी भर समुद्रात एवढा मोठा कारखाना कशाला उभारायचा?"

प्रश्न अगदी योग्य होता. खरे तर जगातल्या पहिल्या तेल-व्यावसायिकांनी नेमके हेच केले होते. सगळे एका टाकीत भरायचे, वायू उडून जाऊ द्यायचा, पाणी खाली बसले की काढून टाकायचे. पण ही पद्धत पुरेना. त्यामागे दोन प्रश्न होते. पहिला विज्ञानाचा : पाणी खाली बसेल खरे, पण किती वेळाने? दुसरा प्रश्न वरवर विज्ञानाचा वाटत नाही, पण आहे तितकाच महत्त्वाचा : तिन्ही वेगळे झाल्यावर ठेवायचे कोणते आणि टाकायचे कोणते? या दोन प्रश्नांची उत्तरे गेल्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांत कशी बदलत गेली, ते पाहू.

विहिरीतून काय येते?

आधी एक गैरसमज दूर करू. जमिनीखाली तेलाचे तळे नसते. वाळूच्या खडकात किंवा चुनखडकात अगदी बारीक छिद्रे असतात. कोरड्या विटेवर पाणी ओतले की वीट ते पिऊन टाकते, तशाच प्रकारे या छिद्रांत द्रव साठलेला असतो. खडक मुळात समुद्राच्या तळाशी तयार झाला असेल, तर त्या छिद्रांत प्राचीन समुद्राचे खारे पाणी असते. नंतर कधीतरी तेल आणि वायू वर सरकत तिथे येतात आणि वरच्या अभेद्य खडकाखाली अडकतात. वायू सर्वांत वर, त्याखाली तेल, त्याखाली पाणी, असे साधारण थर असतात. पण तेलाच्या थरातही खडकाच्या कणांना चिकटून थोडे पाणी असतेच. आणि प्रचंड दाबामुळे बराचसा वायू तेलात विरघळलेला असतो, सोड्याच्या बाटलीत कार्बन डायऑक्साइड असतो तसा.

अशा खडकात भोक पाडले की तिघेही एकाच नळीतून वर येऊ लागतात. विहीर जसजशी जुनी होते, तसतसे तेल कमी आणि पाणी जास्त येऊ लागते. पाण्याचे प्रमाण तेलाच्या कितीतरी पट झालेल्या विहिरीसुद्धा आज चालू आहेत.

तेल टाकाऊ होते तेव्हा

या तिघांना वेगळे करण्याची गरज सर्वांत आधी तेलवाल्यांना नव्हे, तर मीठ पिकवणाऱ्यांना पडली. चीनमधला सिच्वान प्रांत समुद्रापासून फार दूर आहे. तिथले लोक शेकडो वर्षे जमिनीत खोल विहिरी पाडून खारे पाणी उपसत आणि ते आटवून मीठ करत. झिगोंग गावातली शेनहाय नावाची विहीर १८३५ साली पूर्ण झाली. तिची खोली एक हजार मीटरहून थोडी जास्त होती, आणि तीही बांबूचे दोर व जड लोखंडी छिन्नी एवढ्याच साधनांनी पाडलेली! या विहिरींतून खाऱ्या पाण्याबरोबर नैसर्गिक वायूही येत असे. तिथल्या कारागिरांनी विहिरीच्या तोंडावर मोठे लाकडी पिंप बसवून वायू बाजूला काढून घेण्याची युक्ती शोधली. तो वायू बांबूच्या नळ्यांतून भट्ट्यांकडे नेत आणि त्यावर तेच खारे पाणी उकळत. म्हणजे एकाच विहिरीतून कच्चा माल आणि इंधन दोन्ही मिळे, टाकाऊ काहीच नव्हते.

अमेरिकेत मात्र वेगळे घडले. पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या टॅरेंटम गावी सॅम्युअल किअर या गृहस्थांच्या घराण्याच्या खाऱ्या पाण्याच्या विहिरी होत्या. १८४० च्या दशकात त्यांतून पाण्याबरोबर काळपट, वास मारणारे तेल येऊ लागले. मीठ खराब होऊ लागले. सुरुवातीला हे तेल वेगळे काढून जवळच्या कालव्यात सोडून देत. पुढे किअर यांनी ते छोट्या बाटल्यांत भरून सर्व रोगांवरचे औषध म्हणून विकायला सुरुवात केली. औषध फारसे खपेना, तेव्हा त्यांनी तेलाचे ऊर्ध्वपातन करून दिव्यात जळेल असा भाग वेगळा काढला. कालव्यात ओतला जाणारा पदार्थ अशा रीतीने दुकानात येऊन बसला.

पुढची गोष्ट बहुतेक पाठ्यपुस्तकांत असते. २७ ऑगस्ट १८५९ रोजी त्याच राज्यात टायटसव्हिल येथे एडविन ड्रेक यांच्या विहिरीत सुमारे २१ मीटर खोलीवर तेल लागले. ही विहीर ज्यांनी प्रत्यक्ष पाडली, ते विल्यम स्मिथ हे लोहार होते आणि टॅरेंटमच्या भागात मिठाच्या विहिरींचे काम करण्यात त्यांची हयात गेली होती. हत्यारे तीच, कसब तेच, फक्त आता खारे पाणी नको होते आणि तेल हवे होते. टाकाऊ आणि टिकाऊ यांची अदलाबदल झाली होती.

वायूची उपेक्षा

ड्रेक यांच्या यशानंतर त्या खोऱ्यात विहिरींची रांगच लागली. तेल साठवायला व्हिस्कीची रिकामी पिंपे, लाकडी हौद, जे मिळेल ते वापरत. तेल उघड्या हौदात पडे, त्यातला वायू फसफसून बाहेर येई आणि हवेत मिसळे. त्याकडे लक्ष द्यायचे कुणाला कारणच नव्हते. वायू नेण्यासाठी नळ नव्हते, साठवण्यासाठी टाक्या नव्हत्या.

१७ एप्रिल १८६१ रोजी या निष्काळजीपणाची किंमत कळली. हेन्री राउझ यांच्या विहिरीतून तेल आणि वायू जोराने उसळून बाहेर आले. वायू आजूबाजूला पसरला, कुठेतरी त्याला ठिणगी मिळाली आणि सगळा परिसर पेटला. राउझ यांच्यासह किमान एकोणीस माणसे त्यात मेली. तेल पेटायला थोडा वेळ लागतो, वायूला तो लागत नाही. म्हणूनच आजही तेलक्षेत्रावर सर्वांत आधी वायू बंदिस्त नळांतून वेगळा काढला जातो.

उघड्या हौदांमुळे आणखी एक नुकसान होत होते. वायू सुटताना तेलातले हलके घटकही सोबत घेऊन जात. शिवाय लाकडी पिंपे गळत आणि तळाशी पाणी व गाळ साचे. ग्राहक तक्रार करू लागले. १८६६ साली तेल-उत्पादकांनी ठरवले की दर ४० गॅलनमागे २ गॅलन तेल जास्त द्यायचे. १८७२ मध्ये त्यांच्या संघटनेने ४२ गॅलनचे पिंप हेच प्रमाण मानले. आज वर्तमानपत्रात "तेलाचा भाव पिंपाला अमुक डॉलर" असे वाचतो, ते पिंप हेच, सुमारे १५९ लिटरचे. त्या जादा दोन गॅलनांत गळती, बाष्पीभवन आणि नीट वेगळे न झालेले पाणी यांची भरपाई आहे.

हलके घटक वाचवायचे कसे? सोड्याच्या बाटलीचा विचार करा. थंड बाटलीचे बूच हळूहळू सैल केले तर वायू शांतपणे निघतो. एकदम उघडले तर फेस येऊन सोडाही बाहेर सांडतो. द्रवात किती वायू विरघळेल हे त्यावरच्या दाबावर अवलंबून असते, हे इंग्लंडमधल्या मँचेस्टरच्या विल्यम हेन्री यांनी १८०३ साली दाखवून दिले होते. तेलक्षेत्रावर याचा उपयोग असा केला गेला : विहिरीतला दाब एकदम खाली न आणता दोन-तीन टप्प्यांत कमी करायचा आणि प्रत्येक टप्प्याला बंद टाकीत सुटलेला वायू वरून काढून घ्यायचा. असे केले की मिथेनसारखा हलका वायू आधी निघून जातो आणि जड घटकांपैकी बराच भाग तेलातच राहतो. त्याच विहिरीतून जास्त तेल हाती लागते.

किती वेळाने?

आता पाण्याकडे वळू. इथे आपल्याला जॉर्ज स्टोक्स यांची गाठ घ्यावी लागते. केंब्रिजच्या या गणितज्ञांनी कधी तेलविहीर पाहिली असण्याची शक्यता नाही. ते विचार करत होते लंबकाचा : हवेमुळे लंबकाच्या हालचालीत किती फरक पडतो? हे करताना त्यांनी द्रवातून किंवा वायूतून हळू पडणाऱ्या छोट्या गोलाचा वेग काढला. १८५१ साली प्रसिद्ध झालेल्या या निबंधात त्यांनी ढग आकाशात का तरंगतात याचेही उत्तर दिले. ढगातले थेंब पडतच असतात, पण इतके लहान असतात की त्यांचा वेग नगण्य असतो.

स्टोक्स यांचा नियम शब्दांत असा : थेंबाचा पडण्याचा वेग दोन द्रवांच्या घनतांमधल्या फरकाच्या समप्रमाणात असतो, बाहेरच्या द्रवाच्या श्यानतेच्या (म्हणजे दाटपणाच्या) व्यस्त प्रमाणात असतो आणि थेंबाच्या त्रिज्येच्या वर्गाच्या समप्रमाणात असतो. यातला 'वर्ग' हा शब्द सर्वांत महत्त्वाचा.

एक हिशोब करून पाहू. समजा तेलाची घनता घनमीटरला ८५० किलोग्रॅम, खाऱ्या पाण्याची १०५० किलोग्रॅम आणि तेलाची श्यानता पाण्याच्या दसपट आहे. या तेलात एक मिलिमीटर व्यासाचा पाण्याचा थेंब एक मीटर खाली जायला साधारण दीड मिनिट घेईल. थेंबाचा व्यास एक दशांश, म्हणजे ०.१ मिलिमीटर केला, तर वेग एक शतांश होईल आणि त्याच एक मीटरला सुमारे अडीच तास लागतील. आणखी एक दशांश केला, म्हणजे ०.०१ मिलिमीटर, तर लागतील जवळजवळ साडेदहा दिवस! अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांकडून हे गणित जरूर करून घ्या. सूत्र पुस्तकात असतेच, पण आकडे घातले की त्याचा अर्थ कळतो.

बाईंच्या प्रश्नाचे पहिले उत्तर या हिशोबात आहे. टाकीत भरून ठेवायला हरकत नाही. पण विहिरीतून रोज हजारो पिंपे येत असताना ती सगळी दहा दिवस स्थिर ठेवायची, तर केवढ्या टाक्या लागतील? आणि समुद्रातल्या फलाटावर त्या ठेवणार कुठे?

लोण्यासारखा प्रश्न

थेंब इतके लहान होतात तरी कसे? गंमत अशी की बऱ्याचदा ते आपणच लहान करतो. खडकातून तेल-पाणी अगदी सावकाश झिरपत येते. पण विहिरीच्या नळीत आणि अरुंद झडपेतून जाताना त्याची जोरदार घुसळण होते. पाण्याचे बारीक बारीक थेंब तेलात विखुरतात. अशा मिश्रणाला पायस म्हणतात. दूध हे पायसच, पाण्यात स्निग्ध पदार्थाचे कण. लोणी हेही पायस, पण उलटे : स्निग्ध पदार्थात पाण्याचे कण. तेलक्षेत्रावरचे पायस बहुतेक वेळा लोण्याच्या जातीचे असते.

दोन थेंब एकमेकांना भेटले तर एक मोठा थेंब व्हायला हवा. पण तसे होत नाही. कच्च्या तेलात ॲस्फाल्टीनसारखे जड, चिकट पदार्थ, मेणाचे आणि मातीचे सूक्ष्म कण असतात. ते प्रत्येक थेंबाभोवती गोळा होतात आणि त्याला जणू साल चढवतात. बारीक घन कण पायसाला टिकाऊ बनवतात, हे वॉल्टर रॅम्सडेन यांनी १९०३ मध्ये आणि स्पेन्सर पिकरिंग यांनी १९०७ मध्ये दाखवले. पिकरिंग यांना तेलक्षेत्राशी काही देणेघेणे नव्हते. ते फळबागांवर फवारायच्या तेल-पाण्याच्या मिश्रणावर काम करत होते. फवाऱ्यासाठी जे हवेहवेसे, तेच तेलक्षेत्रावर डोकेदुखी ठरत होते.

पाणी राहिले तर काय बिघडते? एक तर पाण्याची वाहतूक फुकट होते. त्याहून वाईट म्हणजे हे पाणी खारे असते. शुद्धीकरण कारखान्यात तेल तापवले की त्यातल्या मॅग्नेशियम क्लोराइडसारख्या क्षारांपासून हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होते आणि ते लोखंडी नळ खाऊन टाकते. त्यामुळे असे पायस विकत घ्यायला कोणी तयार नसे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत कितीतरी तेल खड्ड्यांत ओतून जाळून टाकले जाई, ते केवळ त्यातले पाणी निघत नाही म्हणून.

यावर सर्वांत जुना उपाय आपल्या स्वयंपाकघरातलाच आहे. आई लोणी कढवून तूप करते तेव्हा काय होते? लोणी वितळते, दाटपणा कमी होतो, पाण्याचे थेंब एकत्र येतात आणि कडकड आवाज करत वाफ होऊन जातात. तेलक्षेत्रावरही पायस तापवतात, फक्त पाणी उकळू देत नाहीत. दाटपणा कमी झाला की स्टोक्स यांच्या नियमाप्रमाणे थेंब लवकर खाली बसतात, आणि थेंबाभोवतीची साल सैल होते. पण यासाठी इंधन खर्च होते आणि हट्टी पायस नुसत्या उष्णतेला दाद देत नाही.

दुसरा उपाय शोधला फ्रेडरिक कॉट्रेल यांनी. कॅलिफोर्निया विद्यापीठात भौतिक रसायनशास्त्र शिकवणाऱ्या या प्राध्यापकांनी कारखान्यांच्या धुरातले कण विद्युत्दाबाने पकडण्याचे यंत्र तयार केले होते. त्यांचे पेटंट १९०८ सालचे. कॅलिफोर्नियातल्या कोलिंगा तेलक्षेत्रावरच्या पायसाचा प्रश्न त्यांच्यापुढे आला तेव्हा त्यांनी तीच कल्पना द्रवावर वापरून पाहिली. तेल विजेचे दुर्वाहक, खारे पाणी सुवाहक. पायसाला उच्च विद्युत्दाबाच्या क्षेत्रात ठेवले की पाण्याच्या प्रत्येक थेंबाचे एक टोक धन आणि दुसरे ऋण होते. शेजारच्या थेंबाचे विरुद्ध टोक त्याला ओढून घेते. थेंबांच्या माळा तयार होतात, साल फुटते, दोनाचा एक, चाराचा एक असे करत थेंब मोठे होतात आणि खाली बसतात. कॉट्रेल आणि त्यांचे सहकारी बकनर स्पीड यांना या पद्धतीची पेटंटे १९११ साली मिळाली. ताक घुसळताना रवी जे काम करते, लोण्याचे विखुरलेले कण एकत्र आणण्याचे, तेच इथे वीज करते. धुराच्या यंत्राच्या पेटंटांतून स्वतः श्रीमंत होण्याऐवजी कॉट्रेल यांनी १९१२ साली एक संस्था स्थापन केली आणि त्या उत्पन्नातून इतर शास्त्रज्ञांना संशोधनासाठी मदत मिळत राहिली, हेही इथे सांगायला हवे.

तिसरा उपाय रसायनांचा. सेंट लुईसचे रसायनज्ञ विल्यम बार्निकेल यांनी १९१४ मध्ये पायस मोडणाऱ्या रसायनाचे पेटंट घेतले. पुढे साबणासारखे अनेक पदार्थ वापरात आले. त्यांत एरंडेलावर गंधकाम्लाची क्रिया करून केलेले, कापड रंगवणाऱ्यांच्या परिचयाचे 'टर्की रेड ऑइल'ही होते. हे रेणू थेंबाच्या पृष्ठभागावर जाऊन ॲस्फाल्टीनची जागा घेतात. त्यांची साल कच्ची असते, त्यामुळे थेंब सहज एकत्र येतात.

एका टाकीत तिघे

आज तेलक्षेत्रावर जी मुख्य टाकी दिसते ती म्हणजे या सगळ्या इतिहासाचा गोषवारा आहे. आडवे ठेवलेले, दोन्ही टोके फुगीर असलेले पोलादी पिंप. एका टोकाने मिश्रण आत येते आणि एका पत्र्यावर आदळते. त्याचा वेग मोडतो आणि वायू सुटतो. वायू वरून जातो. जाताना तारांच्या दाट जाळीतून जातो आणि त्यात अडकलेले तेलाचे तुषार मागे राहतात. खाली पाणी, त्यावर तेल असे थर पडतात. पुढे एक आडवी भिंत असते. तेल तिच्यावरून पलीकडे सांडते, पाणी अलीकडेच राहते आणि तळातून काढून घेतले जाते. पातळी सांभाळायला फ्लोट असतात, आपल्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत असतो तसेच. मिश्रण या टाकीत राहते काही मिनिटे, फार तर अर्धा तास. एवढ्यात जे वेगळे होईल ते झाले, उरलेले हट्टी पायस पुढे उष्णता, वीज आणि रसायने यांच्या हवाली होते.

आज टाकाऊ काय?

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. तिघे वेगळे झाले, पुढे काय?

महाराष्ट्रातल्या वाचकांना याचे उदाहरण दूर शोधायला नको. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर समुद्रात १९७४ साली 'सागर सम्राट' या जहाजावरून तेल सापडले आणि मे १९७६ मध्ये मुंबई हायमधून उत्पादन सुरू झाले. तेल जहाजात भरून आणता येत होते. वायूचे काय? समुद्राखालून नळ टाकेपर्यंत तो फलाटावरच्या मशालीत जाळण्यावाचून गत्यंतर नव्हते. १९७८ च्या सुमारास उरणपर्यंत नळ आले, आणि हळूहळू त्याच वायूवर उरणचे वीजकेंद्र, थळचा खत कारखाना चालू लागला. त्यातला प्रोपेन आणि ब्यूटेन वेगळा काढून घरगुती सिलिंडरमध्ये भरला जाऊ लागला. वायू तोच होता. नळ नव्हता तोवर टाकाऊ, नळ आला आणि त्याचा माल झाला.

हे सगळीकडे घडलेले नाही. जागतिक बँकेच्या अंदाजानुसार २०२३ साली जगभरच्या तेलक्षेत्रांवर सुमारे १४८ अब्ज घनमीटर वायू नुसता जाळला गेला. तो वेगळा कसा करायचा हे दीडशे वर्षांपासून माहीत आहे. पण वेगळा केलेला वायू नेण्याचा खर्च कोणी करायचा, हा प्रश्न सुटलेला नाही.

पाण्याची कथा याहून जुनी आणि कडू आहे. जगभरात एक पिंप तेलामागे सरासरी तीन पिंपे पाणी निघते असा अंदाज नेहमी दिला जातो. म्हणजे तेलविहीर ही खरे तर पाण्याची विहीर आहे, थोडे तेल देणारी! हे पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षाही खारे असू शकते. अमेरिकेत कित्येक वर्षे ते ओढ्यांत आणि खड्ड्यांत सोडले जाई. अशा ठिकाणची जमीन पुढे दशकानुदशके नापीक राहिली. पूर्व टेक्सासमधल्या १९३० साली सापडलेल्या प्रचंड तेलक्षेत्रात हे पाणी नद्यांत जाऊ लागल्यावर ते पुन्हा जमिनीखाली त्याच खडकात सोडण्याची कल्पना पुढे आली, आणि १९४२ मध्ये त्यासाठी एक स्वतंत्र कंपनीच स्थापन झाली. यातून अनपेक्षित फायदा झाला. खडकातला दाब टिकून राहिला आणि तेल जास्त निघाले.

समुद्रात सोडायच्या पाण्याबाबत प्रश्न उलटा होतो : आता तेलातले पाणी नव्हे, तर पाण्यातले तेलाचे कण काढायचे. उत्तर समुद्राच्या काठच्या देशांनी एका लिटर पाण्यात सरासरी ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त तेल नको अशी मर्यादा घातली आहे. स्वीडनच्या गुस्ताफ द लावाल यांनी १८७८ साली दुधातून साय वेगळी करायचे फिरते यंत्र केले होते. त्याच तत्त्वावर, पण एकही फिरता भाग नसलेली निमुळती नळी इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन विद्यापीठात विकसित झाली आणि १९८० च्या दशकात समुद्रातल्या फलाटांवर आली. पाणी तिच्यात बाजूने शिरते आणि भोवऱ्यासारखे फिरते. जड पाणी कडेला जाते, तेल मध्याशी गोळा होते. गुरुत्वाच्या शेकडो पट जोर मिळाल्यावर तासांचे काम सेकंदांत होते.

एवढ्यावर गोष्ट संपत नाही. अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात तेलाबरोबर सापडणाऱ्या खाऱ्या पाण्यातून १९५० च्या दशकापासून ब्रोमीन काढले जाते, आणि आता त्याच पाण्यातल्या लिथियमवर कंपन्यांचा डोळा आहे, कारण मोटारींच्या बॅटऱ्यांना ते हवे आहे. टॅरेंटमचे मीठवाले आज असते तर हसले असते. खारे पाणी पुन्हा माल झाले आहे!

वर्गात करून पाहा

चार सारख्या बाटल्या घ्या. प्रत्येकीत सारखेच खारे पाणी (रंगासाठी थोडी शाई) आणि सारखेच गोडेतेल घाला. पहिली तशीच ठेवा. दुसरीत साबणाच्या पाण्याचे चार थेंब घाला. तिसरी कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवून गरम करा. चौथीत अंड्याचा थोडा पिवळा बलक घाला. बुचे घट्ट लावून सर्व बाटल्या सारख्याच वेळा हलवा आणि थर पडायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून नोंदवा. या प्रयोगात रॉकेल किंवा पेट्रोल मात्र वापरू नका. दुसऱ्या आणि चौथ्या बाटलीतले पायस दुधाच्या जातीचे असेल, तेलक्षेत्रावरच्या पायसाच्या उलटे. पण थेंबांना साल चढली की ते एकत्र येत नाहीत, ही गोष्ट त्यातही दिसेल.

आणि प्रयोग संपल्यावर मुलांना बाईंचा प्रश्न थोडा बदलून विचारा. मीठवाल्याला तेल नको होते. ड्रेक यांच्या पिढीला वायू नको होता. आपण आज ज्याला 'सांडपाणी', 'धूर', 'कचरा' म्हणतो, त्यातले काय काय आपल्याला नको आहे ते खरोखर निरुपयोगी म्हणून, आणि काय केवळ आपल्याकडे अजून नळ नाही म्हणून? मुलांनी दिलेल्या उत्तरांची यादी फळ्यावर लिहा. मिश्रणे वेगळी करण्याचा धडा तिथून पुढे सुरू करता येईल.